डब्यातली माया

महागाईने आमच्या डब्यांचं पार वाटोळं केलं होतं. आम्ही चौघं एका शिलाईच्या कारखान्यात. मास्तर कापड बेतायचे, मी मशीनवर, मावशी धागे कापून इस्त्री करायच्या आणि काजू काजं-बटणं करायची. काजं करते म्हणून काजू. खरे काजू आमच्यापैकी कुणी कित्येक वर्षांत चाखले नव्हते. दुपारी जो तो आपला डबा उघडून तोंड वाकडं करायचा. मास्तरांकडे नुसता भात, माझ्याकडे आदल्या दिवशीचं जे काही उरलं असेल ते.

शेवटी मास्तरांनी कापडासारखा जेवणाचाही बेत मांडला. "एकट्याने चार पदार्थ करायचे तर खिसा फाटतो. चौघांनी एकेक करा, चौघांच्या ताटात चार पडतील. पण आणणार तो खाणार, फुकटेगिरी चालायची नाही."

आणि खरंच, आम्ही माणसांसारखे जेवायला लागलो. भात, डाळ, भाजी, कधी उकडलेली अंडी. एका घराला न संपणारा कोबीचा गड्डा चौघांत कुठल्या कुठे जायचा. मला तर अकरा वाजल्यापासूनच भूक लागायची.

मग एक दिवस काजू पाव घेऊन मशीनपाशीच बसली. "मला पित्त झालंय, तुम्ही जेवा."

"पित्त झालेलं माणूस कोरडा पाव खातं होय गं?" मी म्हटलं. मावशींनी मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. त्या मागच्याच गल्लीत, काजूच्या शेजारी राहायच्या. तिचा नवरा कामाला होता ते गोदाम बंद पडलं होतं, हे त्यांनी मला नंतर इस्त्रीच्या टेबलामागे सांगितलं.

"मग सांगायचं ना तसं! बस म्हणावं, जेव आमच्यात."

"म्हणून बघ," मावशी म्हणाल्या.

म्हणून बघितलं. काजूने वर न बघताच सुनावलं, "आणणार तो खाणार. नियम सगळ्यांना सारखा." मुलखाची हट्टी! मी रागाने दोन बाह्या उलट्या लावल्या आणि संध्याकाळपर्यंत उसवत बसले. आठवडाभर ती अशीच पाठ फिरवून बसली. तिचे गाल बसत चालले आणि आमच्या घशाखाली घास उतरेना.

अखेर मास्तरांनी मला कापडाच्या गठ्ठ्यामागे बोलावलं. "उद्या जरा माया ठेवून आण." आमच्या धंद्यात माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, अंग भरलं की उसवून कपडा सैल करता येतो. मी काय ते समजले. जेवण उरवायचं आणि 'संपवायला मदत कर' म्हणून तिला बसवायचं. एका माणसाची माया किती ठेवायची हे काही मास्तर बोलले नाहीत. मी घरातलं सगळ्यात मोठं पातेलं काढलं.

दुसऱ्या दिवशी पाहते तर मावशींचा भातही पातेलंभर! मास्तरांनी त्यांनाही जिन्यात गाठून तेच सांगितलं होतं. आम्हा दोघींवर भरवसा नसावा, कारण स्वतः डाळ आणली होती ती बादलीच म्हणायची. तिघं जेवणार आणि अन्न दहा जणांचं. एकमेकांकडे बघत आम्ही खुळ्यासारखे उभे राहिलो. योजलेलं एकही वाक्य कुणाला आठवेना.

काजू मात्र ताडकन उठली. "अक्कल गहाण टाकलीय का तुम्ही? या दिवसांत एवढं अन्न! संध्याकाळपर्यंत आंबेल सगळं! आणि मास्तर तुम्ही? चिंधी फुकट गेली तर आमच्यावर ओरडता ना?" इतके दिवस पाठ करून बसलेली बाई आमच्याच तोंडावर खेकसत होती आणि मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

"मग खा ना, बघतेस काय!" मीही ओरडले.

ती बसली. पहिला घास तिने घाईघाईने गिळला, दुसरा सावकाश. मास्तर खिडकीबाहेर बघत डाळ वाढत राहिले. तिसऱ्या वाढीला ती थांबली आणि ताटाकडे बघत म्हणाली, "उद्यापासून सगळा स्वयंपाक मी इथे येऊन करीन. सामान तुमचं, राबणं माझं. फुकट नको मला."

"ठरलं," मास्तर म्हणाले. "चौघांचा."

"पाच जणांचा." तिचा आवाज एकदम खाली आला. "नवरा घरी अर्धपोटी आहे हो. मी जेवून येते असं सांगते, म्हणून घरात असेल ते खातो तरी. आज खरंच जेवले, तर त्याच्या आठवणीने घास अडकतोय."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला. मला असल्या वेळी काय बोलावं ते कधीच सुचत नाही, म्हणून मी चिडले.

"मग त्याला म्हणावं, नुसतं जेवायला यायचं नाही. एवढी भांडी काय मी घासू?"

"आता बोलावू?" काजूने विचारलं.

"नाहीतर काय पत्रिका पाठवायची? पळ!"

ती पळत सुटली, उष्ट्या हाताने. मी पाचवं ताट मांडलं.