बिनलाईटचं तांबं

मी पाण्याचा ब्लॉक बोलतोय. कसला ब्लॉक म्हणून तोंड वाकडं करू नका, सांगतो. तुमच्या त्या कॉम्प्युटरच्या पोटात प्रोसेसर नावाचा एक चौकोनी तुकडा असतो. सगळी अक्कल त्याची, आणि ताप पण त्याचाच. काम पडलं की तव्यासारखा तापतो. त्याच्या टाळक्यावर मला स्क्रूनं आवळून बसवतात. पंपाच्या जोरावर माझ्या पोटातून पाणी फिरतं, ते त्याची आग उचलून जाळीकडे नेतं, तिथे पंखे वारा घालतात, आणि गार झालेलं पाणी परत माझ्याकडे येतं. बस. दुसऱ्याची आग पोटात घ्यायची आणि पुढे ढकलायची, एवढंच माझं आयुष्य.

शिकलेलो नाही मी. दिसलं ते बोलतो. आणि जे दिसलं त्याची बहुतेक किळसच आली.

जन्म माझा साकीनाक्याच्या एका गाळ्यातला. तांब्याची लादी कापली, तिच्या एका अंगाला फणीच्या दातांसारख्या बारीक चिरा पाडल्या, वर काळं झाकण बसवलं. ज्यानं कापलं तो जेवायला उशीर होतोय म्हणून मला शिव्या घालत होता. माया-बिया काही नव्हती. पण तळ आरशासारखा सपाट निघाला आणि चिरा मोकळ्या. माझ्या जातीला अजून काय लागतं? तळ सपाट, चिरा मोकळ्या, आणि गळायचं नाही.

तिथून अंधेरीला फ्लॉयडच्या दुकानात आलो. फ्लॉयड मरोळच्या गावठाणातला, कॉम्प्युटर जोडून देतो. त्यानं मला काचेच्या कपाटात ठेवलं, आणि तिथे बसून मी गिऱ्हाईक नावाचा प्राणी बघितला.

पहिल्यानं मला उचललं, उलटंसुलटं केलं.

“ह्याचा लाईट कुठेय?”

“लाईट नाय,” फ्लॉयड म्हणाला. “प्युअर तांबं आहे. एकदम गार ठेवतो.”

“ते ठेवू दे रे. दिसणार काय पण?”

ठेवलं मला परत, मेलेल्या पालीसारखं दोन बोटांनी. दुसरीला आत गुलाबी पाणी हवं होतं, आणि ते बाहेरून दिसायला हवं होतं. तिसऱ्यानं विचारलं, झाकणावर माझं नाव कोरून मिळेल का. एकाला घरच्या पडद्याला शोभणारा रंग पाहिजे होता, त्यानं पडद्याचा फोटो आणला होता. बोरिवलीचे एक साहेब आले, बायकोसमोर ऐट दाखवत विचारतात, “ती पाण्याची टाकी असते ना, त्यात छोटासा मासा सोडला तर?”

“मासा शिजेल, साहेब,” फ्लॉयड म्हणाला.

तळ सपाट आहे का, कोणी विचारलं नाही. चिरा किती बारीक, विचारलं नाही. गळशील का रे बाबा, एवढं पण नाही. माझ्या शेजारी लाईटवाले बसलेले. तळ खडबडीत, आतल्या चिरा नावाला, पण बटण दाबलं की सात रंग. ते हातोहात गेले. नवरीकडे कोणी बघेना, मांडवाचंच कौतुक. धूळ खात बसलो मी, आणि माणसांचा वीट आला.

मग सुलक्षणा आली. घामाघूम, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग.

“दादा, माझं मशीन मधेच बंद पडतंय. लग्नाचे व्हिडिओ बनवते मी. तापलं की टप्प.”

“पाण्याचं बसवून घ्या. हा बघा, ह्याला सात रंग—”

“रंग राहू द्या. हा गळेल का?” तिनं माझ्याकडे बोट केलं.

“हा? नाय गळणार. पण दिसायला जरा—”

“मी काय त्याचं लग्न लावतेय?”

असा मी तिच्या घरी, घाटकोपरच्या भटवाडीत गेलो. एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला टेबल, टेबलावर मशीन, मधल्या जागेत माणसं. तिची सासू शांताबाई, मूळची मालवणकडची, दिवसभर देव आणि भांडी घासायची. नवरा निलेश शोरूममध्ये स्कूटर विकायचा. त्याला माझी लाज वाटायची.

“अगं, मित्र विचारतात, मशीन बंद आहे का म्हणून. काही चमकतच नाही.”

“मित्रांना सांग, चालू आहे, म्हणून तर घरात डाळ शिजतेय.”

त्याच डाळीवर जेवला. पण दुसरी डिस्क घ्यायला बाजूला ठेवलेले पैसे त्यानं उचलले आणि रंगीत दिव्यांचा कीबोर्ड आणला. डिस्क म्हणजे काय, तर ज्यात ती सगळी लग्नं साठवते. एकच होती. दोन असत्या तर एक बिघडली तरी दुसरीत सगळं राहिलं असतं. हे तिनं त्याला समजावलं, आणि त्यानं मान पण डोलावली. मान डोलवायला काय जातं?

दसरा आला. ह्या लोकांची रीत अशी, की ज्याच्यावर पोट भरतं त्याची दसऱ्याला पूजा करायची. रीत चांगली आहे, माझी तक्रार नाही. मशीनची बाजूची काच काढून पुसली, हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. सुलक्षणा आपट्याची पानं आणायला खाली उतरली, तेवढ्यात शांताबाईंनी आत डोकावून बघितलं. टाकीतलं पाणी थोडं खाली गेलेलं. जातंच थोडं.

“आटलाहा गो बाय ह्यातला पाणी,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “आणि पूजेच्या दिवशी!”

देव्हाऱ्यात गंगाजलाचा गडू होता. बहिणीनं काशीहून आणलेला, शेवटच्या वेळेला तोंडात घालायला जपून ठेवलेला. त्याचं सील त्यांनी तोडलं, टाकीचं बूच काढलं, हात जोडले आणि ओतलं. त्याबरोबर झेंडूच्या दोन पाकळ्या पण आत गेल्या. वरून म्हणाल्या, “चलत रव रे बाबा.”

स्वतःच्या मरणासाठी ठेवलेलं पाणी बाईनं मला पाजलं. आता ह्याच्यावर चिडायचं तरी कसं? पण मी चिडलो. माझ्यात औषध घातलेलं पाणी असतं, त्यात काही उगवत नाही. नदीच्या पाण्यात सगळं उगवतं. पंपानं पाकळ्यांचे बारीक तुकडे केले, ते येऊन माझ्या चिरांत अडकले, आणि त्यांच्यावर हिरवी बुळबुळीत साय धरायला लागली. मी आतून सडत होतो आणि बाहेरून माझ्यावर कुंकू होतं. शिसारी म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

तुळशीची लग्नं झाली आणि माणसांची सुरू झाली. मुलुंडला अक्षता नावाच्या मुलीचं लग्न होतं, ते सुलक्षणानं घेतलं. लग्न झालं, कॅमेऱ्यातलं सगळं डिस्कमध्ये उतरवलं, कॅमेऱ्यातलं पुसून टाकलं, कॅमेरा पुढच्या लग्नाला गेला. आणि थोड्याच दिवसांत मुलीचे वडील अंबादास, चांगले चालते-बोलते, सकाळी दाढी करताना पडले आणि गेले.

त्यांची बायको नलिनी घरी आली. चहा घेतला नाही.

“सुलक्षणा, मला त्यांचा आवाज पाहिजे गं. फोटो ढीगभर आहेत. आवाज कुठेच नाही. फोन केला तरी ‘हं, ठेव’ एवढंच बोलायचे. लग्नात बोलले असतील ना काहीतरी?”

“असेल काकू. सगळं आहे माझ्याकडे. बघून काढते.”

नलिनी गेल्यावर ती बसली शोधायला. मोठ्या कॅमेऱ्याच्या फाईली उघडायच्या म्हणजे प्रोसेसर पेटतोच. त्यानं आग माझ्या पोटात ढकलली, आणि माझ्या चिरा बंद. पाणी जाईना. हळद झाली, वरात आली, आणि टप्प. मशीन बंद. पुन्हा लावलं, पुन्हा टप्प. तिसऱ्या वेळेला डिस्कनं कुरकुर केली आणि ते लग्न उघडायलाच नकार दिला. सुलक्षणा टेबलाला हात टेकून उभी राहिली. थोड्या वेळानं उघडलं, पण आता तिला कळलं होतं. असं एकदोन वेळा अजून मशीन बंद पडलं, तर त्या माणसाचा आवाज जगात कुठेच राहणार नव्हता.

निलेशनं तिथल्या तिथे फोन काढला. “मी सांगत होतो! हा भंगार ब्लॉक आहे. फ्लॉयडकडून लाईटवाला आणतो.”

आणला पण. खोका फोडून टेबलावर लावून दाखवला. सात रंग. तळावरून बोट फिरवलं असतं तर जागोजागी अडकलं असतं. फिरवलं कोणी? नाही.

“सरक जरा, बसवतो,” निलेश म्हणाला.

“थांब,” सुलक्षणा म्हणाली. “आधी हा गरम का होतोय ते बघू दे. कारण कळल्याशिवाय मी त्या डिस्कला हात लावू देणार नाही.”

तिनं पाणी काढलं, स्क्रू सोडले, माझं झाकण उघडलं. आत हिरवा चिखल, आणि त्यात झेंडूचा पिवळा तुकडा. कुबट वास सुटला. सगळ्यांनी शांताबाईंकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघतास?” त्या म्हणाल्या. “गंगेचा पाणी किडत नाय. तुमच्या आधीच्याच पाण्यात कायतरी असतला.”

निलेश मात्र खूश. “बघ! काचेच्या झाकणाचा असता तर तेव्हाच दिसलं असतं.”

आयुष्यात पहिल्यांदा तो बरोबर बोलला, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

शांताबाई उठल्या. वाटीत चिंच भिजवली, मीठ घेतलं, जुना दातांचा ब्रश घेतला आणि मला मांडीवर घेऊन बसल्या. देवांची भांडी घासतात तसं घासलं. चिरेत ब्रश जाईना तिथे साडीची पिन घातली. पुटपुटत होत्या, “असला कसला गो ह्या, पाण्यातला आसून पाणी चलना नाय ह्येका.” बाळंतपणात पण इतकं कोणी रगडत नसेल. पण माझी चिरन् चीर मोकळी झाली. नवीन तांब्यासारखा लाल झालो. मग सुलक्षणानं बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड पाणी आणून मला खळखळून धुतलं, फ्लॉयडकडचं औषध घातलं आणि परत प्रोसेसरच्या टाळक्यावर आवळलं. निलेशचा सात रंगांचा टेबलावरच चमकत राहिला, कोणी बंद पण केला नाही.

आज नलिनी येऊन बसलीय. मी इथूनच बोलतोय तुमच्याशी, मशीनच्या आतून. माझं झाकण ओरखडलंय, पाणी अडवणारं रबर कडक व्हायला लागलंय. किती टिकेन माहीत नाही. पण आत्ता पाणी धडाधड चाललंय.

सुलक्षणानं ते शोधून काढलं. मंगलाष्टकं चाललीत, सगळ्यांच्या हातात अक्षता, आणि नवरा-नवरीसमोर फोटोवाल्यांची भिंत उभी. मागून अंबादासचा आवाज येतो, खरखरीत, भांडायला निघाल्यासारखा.

“ए, हो की बाजूला! घे तो डबा तिकडे. माझी पोरगी दिसत नाहीये मला.”

बस, एवढंच. सगळ्या लग्नात त्या माणसाचं एवढंच बोलणं.

“काकू, सॉरी,” सुलक्षणा म्हणाली. “दुसरं काही सापडलं नाही. ओरडलेत आमच्यावरच. व्हिडिओतून हे मी कापणारच होते.”

नलिनीनं तिचा हात धरला.

“कापशील तर बघ. असेच बोलायचे ते. घरात पण असंच.” तिनं पदर तोंडाला लावला, हसली की रडली ते मला इथून दिसलं नाही. “पेनड्राईव्हमध्ये दे मला. अक्षताला पण वेगळा दे. आणि आधी परत लाव.”

लावलं. “ए, हो की बाजूला!”

“परत.”

माणसांनो, तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे अजून खूप होतं, आणि त्यातलं गोड काहीच नव्हतं. पण आता निघा. ती परत लावायला सांगतेय, प्रोसेसर तापायला लागलाय, आणि मला पाणी फिरवायचंय.