घरून फोन केला होता

मंगळवारी सकाळी पावणेआठला एइनो कांगसने दोन फोन केले. पहिला हार्जू गावच्या शाळेत. तो सोपा होता. मूल आजारी पडलं की घरातल्या मोठ्या माणसानं आठच्या आत शाळेला कळवायचं, ही पद्धत त्याच्या मुलाच्या वेळेपासून चालत आली होती, आणि फोन उचलणारी बर्निसही तेव्हापासूनचीच. "लॉर्ना कांगस, अकरावी, ताप," एवढंच तो म्हणाला. बर्निस म्हणाली, "घसा असणार. सूप दे तिला. आणि तूही घे थोडं, एइनो." झालं. नोंद झाली.

दुसऱ्या फोनआधी त्यानं कॉफीचा कप धुतला, पुसला, कपाटात ठेवला. अनोळखी माणसाशी फोनवर बोलणं तो होईल तितकं टाळायचा. खाणीत छत्तीस वर्षं त्यानं राक्षसासारखी खोदयंत्रं दुरुस्त केली, पण यंत्राशी बोलावं लागत नाही. आता खाण बंद होऊन चार वर्षं झाली होती. घरात बसून तो वाचनालयातली पुस्तकं वाचायचा आणि मंगळवारी नि गुरुवारी नातीला अडतीस मैलांवरच्या कॉलेजात पोचवायचा.

ते कॉलेजचं प्रकरण नवंच होतं. दोन वर्षांपूर्वी सरकारनं कायदा केला की अकरावी-बारावीच्या मुलांनी शाळेत असतानाच कॉलेजातले विषय घ्यावेत. फी सरकार भरेल. हार्जूतून आतापर्यंत एकटी लॉर्ना गेली. तिनं भूशास्त्र घेतलं. फुकट असलं तरी त्यात एक मेख होती, आणि शाळेच्या समुपदेशकानं ती दोनदा समजावून सांगितली होती. तिथं मिळालेली श्रेणी दोन्हीकडे लागते. पास झाली तर शाळेतही पास, कॉलेजातही पास. नापास झाली तर दोन्हीकडे नापास, आणि कॉलेजच्या दप्तरातला तो शेरा जन्मभर पुसला जात नाही.

कॉफीच्या दुकानात खाणीतला जुना सोबती स्टॅन्को प्रेबिल त्याला रोज टोचायचा. "नात प्रोफेसर होणार म्हणे. मग तू काय करणार? तिची वही धरणार?"

"गाडी चालवणार," एइनो म्हणायचा.

तर, त्यानं कॉलेजचा नंबर फिरवला. एका बाईनं उचलला. आवाज तरुण, गोड आणि घाईतला. त्यानं पाठ केलेलं वाक्य म्हटलं. ती म्हणाली, "या नावाचं कुणी आमच्याकडे शिकतं की नाही, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही." एइनोला वाटलं, आपण नाव नीट उच्चारलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं. तिनंही तेच पुन्हा म्हटलं, आणखी गोडीनं, आणि विद्यार्थ्यांबद्दलचे निरोप आम्ही घेत नसतो असंही पुढे जोडलं. त्याला काहीएक समजलं नाही. विचारावं असं वाटलं. पण ती वाट पाहत होती, तिच्यामागे दुसरा फोन वाजत होता. "बरं. आभारी आहे," तो म्हणाला. "फोन केल्याबद्दल आभार," ती म्हणाली. त्या आभाराचा त्यानं आपल्या सोयीचा अर्थ लावला.

वर जाऊन तो लॉर्नाला म्हणाला, "दोन्हीकडे कळवलंय. झोप."

"आज परीक्षा होती, उक्की," ती पांघरुणातून म्हणाली. आजोबाला उक्की म्हणायची फिनिश लोकांची जुनी रीत त्या घरात अजून टिकून होती. "त्यांना सांगितलंस ना?"

"कळवलंय म्हटलं ना."

ती झोपली. आई शुश्रूषागृहातल्या पाळीवरून यायची होती, बाप ट्रक घेऊन डाकोटात कुठेतरी होता. एइनो जिन्यावर उभा राहिला. खाली जाऊन पुन्हा फोन करावा, असं एकदा त्याच्या मनात आलं. तो खाली गेला आणि त्यानं सूप चुलीवर ठेवलं.

गुरुवारी ती बरी झाली होती. तास सुटल्यावर ती पिकअपकडे आली ती दप्तर छातीशी धरून. आत बसली, पट्टा लावला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. लॉर्नाला फार बोलायची सवय नव्हतीच. दोघं अडतीस मैल न बोलता जायचे आणि दोघांनाही ते आवडायचं. पण आजचं गप्प बसणं तसलं नव्हतं. बर्च झाडांची पिवळी पानं रस्त्यावर उडत होती. बारा मैल झाल्यावर तिनं सांगितलं. परीक्षेचे गुण भूशास्त्राच्या ओलेनिकबाईंनी दारावर लावले होते. तिच्या क्रमांकापुढे शून्य.

तिनं बाईंना विचारलं का? नाही. बाई वर्गात होत्या, सगळे भोवती उभे होते, सगळे अठरा-वीस वर्षांचे. कशी विचारणार? ती मागच्या दारानं बाहेर पडली. पण कार्यालयातून तिनं एक कागद मात्र आणला होता. विषय सोडायचा अर्ज. उद्या, शुक्रवारी, चार वाजेपर्यंत दिला तर कॉलेजच्या दप्तरात नापासाचा शेरा बसत नाही. शून्य धरून सरासरी काढली तर पास होणं अशक्य, हे तिनं वर्गातच गणित मांडून पाहिलं होतं. जानेवारीत शाळा तिला परत घेईल. दगड काय, पळून जाणार नाहीत.

हे शेवटचं वाक्य तिनं इतक्या हलक्या आवाजात म्हटलं की एइनोला गाडी थांबवावीशी वाटली. ऑगस्टपासून ही मुलगी खिशांत दगड घेऊन हिंडत होती. जेवताना मिठाच्या भांड्याशेजारी दगड. न्हाणीघरात दगड. तिला काय हवंय ते तिनं तोंडानं कधी सांगितलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना कळलं होतं.

संध्याकाळी तो पेस्टीच्या, खाणकामगारांच्या त्या मोठ्या करंजीच्या, सारणासाठी बटाटे आणि सलगम चिरत होता आणि ती टेबलाशी बसून अर्ज भरत होती. नाव, जन्मतारीख, विषय. 'कारण' या रकान्याशी ती थांबली. एइनोनं सुरी खाली ठेवली.

"मी कळवलं नाही," तो म्हणाला.

तिनं वर पाहिलं.

"म्हणजे फोन केला. पण त्यांनी निरोप घेतला नाही. मला ते कळलं होतं. अर्धं तरी कळलं होतं."

"तू काय म्हणालास त्यांना?"

"ताप आहे म्हटलं."

"आणि ती?"

"ती म्हणाली, असं कुणी आहे की नाही ते सांगता येणार नाही."

"आणि मग तू काय म्हणालास?"

"बरं, म्हटलं. आभारी आहे."

लॉर्ना त्याच्याकडे बघत राहिली. तिचं तोंड आधी रडण्याच्या बेतात होतं, मग मधेच त्यानं रस्ता बदलला आणि तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणीही आलं, त्यामुळे नक्की काय चाललंय ते एइनोला सांगता आलं नसतं. "मीही हेच म्हटलं असतं," ती म्हणाली. "अगदी हेच."

तिनं रागावायला हवं होतं, असं त्याला वाटलं. राग आला असता तर सोसणं सोपं गेलं असतं. तो म्हणाला, उद्या मी येतो. मी सांगतो बाईंना. चूक माझी, तर सांगायचंही मीच. लॉर्नानं अर्ज घडी करून दप्तरात ठेवला. 'कारण' रिकामंच होतं.

शुक्रवारी तास नव्हता, तरी दोघं गेले. एइनोनं अंत्ययात्रेला घालायचा शर्ट घातला होता. वाटेत तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता आणि प्रत्येक वळणावर ती सांडत होती. ओलेनिकबाईंची खोली तळमजल्यावर होती, दार उघडं. बाई साठीच्या, आखूड केसांच्या, पायांत खाणकामगारासारखे बूट. त्यांच्या टेबलावर दगडांमधून कागद डोकावत होते. लॉर्ना बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. एइनो टोपी हातात घेऊन आत गेला.

"मी लॉर्ना कांगसचा आजोबा. मंगळवारच्या परीक्षेचं बोलायचं होतं. चूक माझी आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बसा ना," त्या म्हणाल्या. "पण मला तुमच्याशी तिच्याबद्दल बोलता येणार नाही."

"मी आजोबा आहे तिचा."

"हो. पण ती इथली विद्यार्थिनी आहे. वय कितीही असो, इथं नाव घातलं की तिचं सगळं तिचं. गुण तिचे, हजेरी तिची. तिची आई आली असती तरी मी हेच सांगितलं असतं." त्यांचा आवाज वाईट नव्हता. त्यांनी दारापलीकडे पाहिलं. भिंतीशी एक कोपर दिसत होतं. "तिच्याशी मात्र बोलता येईल."

एइनो खुर्चीच्या कडेला बसला. लॉर्ना पाच वर्षांची असताना शाळेत गेली त्या दिवसापासून तिच्या वतीनं कुणी ना कुणी बोलत आलं होतं. आजारपणाला फोन, सहलीला सही, उशिराला चिठ्ठी. इथं ती सगळी चिठ्ठ्याचपाट्यांची दुनिया दारातच संपली होती, आणि हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, कुठल्यातरी छापील कागदावर. पुस्तकं वाचणाऱ्या माणसानं तेवढं वाचायला हवं होतं.

तो उठला आणि बाहेर आला. लॉर्नाचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पुढे काय करणार ते त्याला माहीत नव्हतं. अर्जाचं कार्यालय वरच्या मजल्यावर होतं, जिना डाव्या हाताला. तिनं एकदा जिन्याकडे पाहिलं. तिच्या जागी मी असतो तर जिना चढलो असतो, एइनोच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यानं बुटांकडे पाहिलं.

वर पाहिलं तेव्हा ती आत गेली होती.

दार उघडंच होतं, त्यामुळे त्याला ऐकू आलं. आधी बराच वेळ काहीच नाही. मग, "मला ताप होता." पुन्हा काही नाही. मग एकदम सगळं, एका श्वासात: "मला वाटलं घरून फोन केला की होतं. शाळेत तसंच असतं. शून्य बघितल्यावर मी काल विचारायला हवं होतं, पण मला विचारता आलं नाही, म्हणून आज आलेय. मला विषय सोडायचा नाही."

"मिस कांगस," बाई म्हणाल्या.

सोळा वर्षांत तिला कुणी असं म्हटलं नव्हतं. शाळेत ती लॉर्ना होती, चर्चमध्ये एइनोची लॉर्ना.

"मिस कांगस, आजारी पडलात तर इथं तुम्ही स्वतः कळवायचं. फोनवर, नाहीतर माझ्या पेटीत चिठ्ठी टाकून. आठवड्याच्या आत आलं तर परीक्षा पुन्हा घेता येते, दहा गुण कापून. पहिल्या दिवशी दिलेल्या कागदावर आहे ते. दुसऱ्या पानावर. कुणी वाचत नाही." खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "आज तिसरा दिवस. तीन वाजेपर्यंत मी मोकळी आहे. अभ्यास झालाय?"

"आत्ता?"

"दगड आहेत, तुम्ही आहात, मी आहे."

एइनोचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. पेन्सिल आहे ना तिच्याकडे, एवढी एक काळजी उरलीच. तो बाकावर दीड तास बसला. मुलं येत-जात होती. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही, त्यामुळे त्याला बरं वाटलं.

ती बाहेर आली तेव्हा अडीच वाजले होते. कार्यालय चारपर्यंत उघडं होतं. जिन्यापाशी ती थांबली नाही. बाहेर पार्किंगमध्ये तिनं दप्तरातला अर्ज काढला, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी भराभर लिहिलं, काही खोडलं. एइनोनं गाडी सुरू केली. विचारायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. तिचं सगळं तिचं.

पण तीच बोलायला लागली. बावीस प्रश्न होते. दोन राहून गेले. एकात तिनं दोन दगडांची अदलाबदल केली, हे तिला जिन्यापाशीच कळलं. आणि एक असा होता, उक्की, की बाईंनी करडा, जड दगड हातात दिला आणि विचारलं, हा खरखरीत पांढऱ्या फरशीवर घासला तर रेघ कुठल्या रंगाची उमटेल, आणि कशावरून? घासायचं नव्हतं. आधी लिहायचं.

"हेमॅटाइट," एइनो म्हणाला. खाणीत त्या लोखंडाच्या दगडाला ते नुसतं माल म्हणायचे.

"तांबडी, असं मी लिहिलं. कशावरून, त्याचं पुस्तकातलं उत्तर मला आठवेना. मग मी लिहिलं की माझ्या आजोबांचे कामाचे कपडे आजी तळघरात वेगळ्या टबात धुवायची. त्यांच्यावरची धूळ करडीच दिसायची. पण पाणी लाल व्हायचं. मी स्टुलावर उभी राहून बघायची."

एइनोनं वेग थोडा कमी केला. समोर रस्ता सरळ होता, तरीही.

"तुझी हेल्मीआजी म्हणायची," तो म्हणाला, "की एइनो, तुझ्या कपड्यांना जखम झालीय." त्यानं आरशात मागचा रस्ता पाहिला. "असल्या उत्तराला गुण देतात?"

"माहीत नाही," लॉर्ना म्हणाली. "मंगळवारी मी विचारीन."