पुराने न नेलेलं मडकं

कार्यक्रम कुठलाही असो, घरातलं पहिलं भांडण जेवणावरूनच होतं. वक्ता कोण, हार कुणी आणायचे, मंडप केवढा, हे सगळं चहा संपेपर्यंत उरकतं. पण पंगतीला काय करायचं म्हटलं की एकदम सगळ्यांना कंठ फुटतो. लखनौच्या वृंदावन योजनेत राहणाऱ्या मेश्रामांच्या घरी त्या रविवारी हेच चाललं होतं. फरक एवढाच, की त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर कंबरेच्या उंचीला एक तपकिरी रेघ होती. पावसाळा संपता संपता मागचा नाला फुगला, तळमजल्यावरच्या सगळ्या घरांत पाणी घुसलं, आणि जाताना पुराने ही रेघ ओढून ठेवली.

विभा मेश्राम सरकारी विमा कंपनीत अधिकारी. नोकऱ्यांच्या निमित्ताने विदर्भातून लखनौला आलेल्या कुटुंबांनी सेक्टरात एक छोटं बुद्धविहार उभारलं होतं, त्याची ती सचिव. पुरात विहारही चिखलाने भरलं होतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ते पुन्हा उघडायचं, असा तिने चंग बांधला होता, आणि विभाने चंग बांधला की काम होतंच, हे सगळ्या सेक्टरला ठाऊक होतं.

"टाइल्स झाल्या, रंग झाला, नव्या खुर्च्या उद्या येतील," ती नवऱ्याला, गोपीनाथला सांगत होती. "आणि जेवण केटररला दिलंय. पुलाव, पनीर, पुरी, रसगुल्ला. एकदम सिम्पल!"

कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या गयाबाईंनी मान वर केली. या गोपीनाथच्या आई, मूळच्या भंडाऱ्याकडच्या.

"आन् लांबपोळी?"

गोपीनाथने वर्तमानपत्र जरा उंच धरलं.

लांबपोळी म्हणजे काय, हे ज्याने खाल्ली नाही त्याला सांगून कळायचं नाही, तरी सांगायला हवं. कणीक अगदी सैल भिजवायची, आपटून आपटून तार आणायची, मग तिचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर तापलेल्या पालथ्या मडक्यावर अलगद टाकायचा. क्षणात पोळी होते, मलमलीसारखी पातळ. सोबत पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, झणझणीत रस्सा. ज्यांना धम्मचक्र दिनाला नागपूरला दीक्षाभूमीवर जायला जमत नसे, ते सगळे लखनौच्या या विहारात जमत. अंगणात चूल पेटे, बायका ओळीने बसत. कुणी कणीक आपटे, कुणी गोळे करी, मडक्यापाशी मात्र गयाबाई. आणि त्यांची एक रीत होती: पहिली पोळी बदली होऊन शहरात नव्याने आलेल्या घराला द्यायची. नवख्या शहरात भांबावलेल्या माणसाच्या हातात कुणी गरम पोळी ठेवली, की त्याचं अर्धं परकेपण तिथेच संपतं.

"आई, मडकी कुठे आहेत आता?" विभा म्हणाली. "पुरात गेली ना."

"पुरात दोन फुटली," गयाबाई शांतपणे म्हणाल्या. "तिसरं नाही गेलं पुरात."

विभाने नजर चुकवली. ते खरंच होतं. पाणी चढलं तेव्हा विहाराच्या कोठीतलं एक मडकं तरंगलं, आणि पाणी उतरलं तेव्हा कोपऱ्यात अल्लाद टेकलं. चिखलाने माखलेलं, पण धड. साफसफाईच्या दिवशी मजुराने ते हातात घेऊन विचारलं होतं, "मैडम, इसका क्या करें?" आणि विभाने कचऱ्याच्या ट्रॉलीकडे बोट केलं होतं. गयाबाई तेव्हा दारातच उभ्या होत्या. त्यांच्या हातांनी वर्षानुवर्षं तापवून गुळगुळीत झालेलं ते मडकं ट्रॉलीत आदळून फुटलं, तेही त्यांच्या डोळ्यांदेखत.

साफसफाईच्या त्याच संध्याकाळी त्यांनी गोपीनाथला फक्त एवढंच सांगितलं होतं, "कार्यक्रम झाला का दुसऱ्या दिवशीचं माझं तिकीट काढ. गावाले जाते. तिकडंच राहीन आता."

तिकीट निघालं होतं. एकाच बाजूचं.

सासू-सुनेचं त्यांचं नातं चारचौघींसारखं नव्हतं. पायलच्या जन्मानंतर विभा पुन्हा ऑफिसला रुजू झाली ती गयाबाईंच्या जिवावर. खातेपरीक्षेच्या वेळी तिच्यासमोर चहा ठेवून "शिक माय, साहेबीण हो," म्हणणारी ही बाई निघून गेली, तर घराचं काय राहणार होतं? पण हे बोलून कसं दाखवायचं! मग तिने अधिकाऱ्यांना सुचतो तोच उपाय केला. नवी वस्तू विकत आणली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती निशातगंजच्या बाजारातून मटका घेऊन आली. चांगली घासाघीस करून घेतला होता. त्यावर गुलाबी कमळं रंगवलेली होती, आणि खाली प्लॅस्टिकची तोटी.

गयाबाईंनी तो मटका चहूबाजूंनी पाहिला. तोटी फिरवून पाहिली. आणि कितीतरी दिवसांनी त्या घरात त्यांचं हसू ऐकू आलं.

"माय वो! यातून पोळी निघन का पाणी?"

पायल तर गडाबडा लोळलीच. "दादी, गरम-गरम रोटी नल से! मम्मी, आप भी ना!" ती कॉलेजात शिकणारी, मराठी सगळं कळायचं, बोलणं मात्र हिंदीतच.

विभालाही हसू आलं, पण ती हटली नाही. तोटी काढली, भोक कणकेने बुजवलं, गच्चीवर विटांची चूल मांडली आणि मटका पालथा ठेवला. गयाबाई नुसत्या बघत राहिल्या. जाळ लागला, मटका तापू लागला, गुलाबी कमळं काळवंडली, आणि कणीक आपटायला सुरुवात होते न होते तोच फट्‌ आवाज होऊन मटक्याचे दोन तुकडे झाले.

विभा तिथेच गच्चीवर मटकन बसली. डोळ्यांतलं पाणी धुराचं आहे असं दाखवायचा तिने प्रयत्न केला, पण तो काही साधला नाही.

"आई, मी शोधते अजून. चिनहटला कुंभार आहेत म्हणतात. मिळेल कुठेतरी. पण तुम्ही जाऊ नका ना. एका मडक्यासाठी कुणी घर सोडतं का?"

गयाबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"मडकं फुटलं म्हणून मी नाही चालली, बाई. मडकं तर फुटतेच. मातीचंच आहे ते. तू धडकं मडकं फेकलं, म्हणून चालली. पुराने जे ठेवलं, ते तू नाही ठेवलं. तुले ते घाण काहून वाटलं, सांग बरं मले."

खोटं बोलावं तर समोर गयाबाई. विभाने पदराने नाक पुसलं आणि आजवर नवऱ्यालाही न सांगितलेलं सांगून टाकलं.

"मला लाज वाटायची, आई. चुलीचा धूर, जमिनीवर बसलेल्या आपण, कोपरापर्यंत कणीक. रस्त्याने जाणारे विचारायचे, 'ये कौन लोग हैं?' तो प्रश्न मला नको असायचा. ऑफिसात नको, कॉलनीत नको. वाटायचं, आपणही सगळ्यांसारखं टेबल लावावं, पनीर वाढावं, म्हणजे कुणी विचारणारच नाही. म्हणून तर घरातली मडकी मी विहारात नेऊन ठेवली होती. आणि पूर आला तेव्हा वाटलं, चला, आपोआप सुटलो."

बोलून झालं आणि तिची तिलाच भीती वाटली. गोपीनाथ जिन्याच्या तोंडाशी येऊन उभा होता. तो हळूच म्हणाला, "विभा, मी शाळेत डब्यातली भाकरी झाकून खायचो. पोरं विचारतील म्हणून. पोट भरायचं, पण चव कधी लागलीच नाही."

गयाबाईंनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

"पुराने सोफा नेला, गाद्या नेल्या, पिठाचा डबा नेला. तुही ही लाज तेवढी न्यायची राहून गेली पाहाय! अवो, ज्या बाबासाहेबानं आपल्याले माणसासारखी मान वर करून चालाले शिकवलं, त्याईच्याच दिवशी आपण आपली पोळी लपवायची? रंग दिला, फरश्या बसवल्या, चांगलं केलं. पण पूर आल्यापासून एक तरी घर दुसऱ्या घरी जाऊन बसलं का? जो तो आपापली भिंत वाळवून राहिला. माणसं कवा वाळवाची?"

विभाला एकदम जाणवलं, की हे खरं आहे. पुराच्या रात्री ज्यांनी एकमेकांची पोरं खांद्यावर घेतली, ते आता फक्त रंगाऱ्यांचे नंबर एकमेकांना पाठवत होते. विहार उभं राहिलं होतं, पण त्यात यायला कुणाला ओढ उरली नव्हती. खुर्च्या आल्या होत्या. बसायची सवय मोडली होती!

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या नगमा बाजी धूर पाहून वर आल्या. पुरात मेश्रामांचं सगळं घर त्यांच्याकडेच आसऱ्याला होतं. विहारातली मूर्ती गोपीनाथने खांद्यावरून त्यांच्याच घरी आणली होती, आणि बाबासाहेबांची तसबीर पाणी उतरेपर्यंत त्यांच्या फ्रिजवर सुखरूप होती.

"क्या जल गया, अम्मा?" त्यांनी विचारलं. मग परातीतली सैल कणीक आणि फुटलेला मटका पाहून त्या थबकल्या. विभाला वाटलं, आता तोच प्रश्न येणार!

"अरे, ये तो उल्टे तवे वाला काम है!" बाजींचा चेहरा उजळला. "हमारे देवर निशातगंज में पराठे की दुकान करते हैं। उल्टा तवा है उनके पास, इतना बड़ा! मटका नहीं तो तवा सही। मँगवा दूँ?"

विभाने सासूकडे पाहिलं. गयाबाईंनी आपले तळवे पाहिले.

"हात तर तेच हायेत," त्या म्हणाल्या. "आन म्हणा."

पण विभा उठली ती वेगळ्याच गोष्टीसाठी. तिने पदर खोचला आणि परात पुढे ओढली. "आई, आधी मला कणीक आपटायला शिकवा. आत्ता."

दुसऱ्या दिवशी वंदना झाली, पंचशील झालं, आणि विहाराच्या अंगणात, अगदी रस्त्याच्या कडेला, चूल पेटली. मागच्या बाजूला लावू म्हणणाऱ्यांना विभानेच गप्प केलं. केटररचा पुलाव होता, तोही राहू दिला. पातोडीचा रस्सा मात्र बायकांनी एकत्र येऊन केला. इंदिरा नगरात राहणारी विदर्भाची मंडळी आली. ज्यांची स्वयंपाकघरं अजून ओलीच होती, ती शेजारच्या गल्लीतली घरंही धुराचा माग काढत आली. लोखंडी तवा पालथा पडला, गयाबाईंनी कणकेचा गोळा हातांवर झुलवला, आणि बघणाऱ्यांनी श्वास रोखला.

पहिली पोळी तयार झाली. यंदा बदली होऊन कुणी नवीन आलं नव्हतं. ती कुणाला जाणार, म्हणून सगळे बघत राहिले. गयाबाईंनी पोळीची घडी केली आणि भरल्या अंगणात ती नगमा बाजींच्या हातात ठेवली.

"ज्यानं आसरा दिला, त्याच्याशी नातं नवंच लागते," त्या म्हणाल्या. बाजींना मराठी कळलं नाही, पण पोळी कळली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली आणि डोळे पुसले.

रस्त्याने जाणाऱ्या एका गृहस्थांनी स्कूटर थांबवली आणि विचारलंच, "भाई साहब, ये कौन लोग हैं?"

गोपीनाथने तोंड उघडायच्या आत कणकेने कोपरापर्यंत माखलेली विभा चुलीपासून म्हणाली, "हम नागपुर की तरफ़ के हैं, भैया। बौद्ध हैं। आज हमारा बड़ा दिन है। आइए, बैठिए, खाकर जाइए!"

इतकं सोपं होतं ते! गृहस्थ स्कूटर लावून चक्क पंगतीत बसले, आणि दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला.

विभाची स्वतःची पहिली पोळी तव्यावर टाकताना फाटली. "मम्मी, ये तो पूरा इंडिया का नक्शा बन गया!" पायल ओरडली. गयाबाईंनी तो नक्शा स्वतःच्या ताटात वाढून घेतला, रश्श्यात बुडवला आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. मग नातीच्या हातात कणकेचा गोळा ठेवत म्हणाल्या, "हसते का? घे, आता तू."

संध्याकाळी सगळं आवरल्यावर विभा सासूच्या खोलीत गेली. पिशवी भरलेली होती. तिकीट उद्याचं होतं.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "रद्द करू?"

"रद्द काहून?" गयाबाई पिशवीचे बंद आवळत होत्या. "जातो ना आपण."

"आपण?"

"मंग! गोप्यानं सकाळीच तुहं तिकीट काढलं, आन् दोघींचं वापस याचंही. तवा लोकाचा आहे, बाई. वापस द्या लागते. भंडाऱ्याहून चांगली दोन मडकी आणू, आन् ती उचलाले मी म्हातारी पुरणार आहे का?"

विभाने लहान मुलीसारखं सासूच्या मांडीवर डोकं टेकलं, आणि गयाबाई तिच्या केसांतली वाळलेली कणीक एकेक करून काढत बसल्या.

मंडळी, पूर उद्या तुमच्या-आमच्याही गावात येईल. भिंती वाळतील, फरश्या बसतील, ते करणारे पुष्कळ मिळतील. पण गाव सावरतं ते त्या दिवशी, ज्या दिवशी आपण आपलं जे आहे ते उजळ माथ्याने अंगणात मांडतो आणि शेजाऱ्याला हाक मारतो. पाणी नेईल ते नेईल, त्याला इलाज नाही. मात्र ते उतरल्यावर कचऱ्याची ट्रॉली दारात उभी राहील, तेव्हा आपण आपल्या हातांनी तिच्यात काय चढवतोय, ते एकदा नीट बघा.