कलम आठ आणि माझा नवरा

एक्क्याऐंशीची शिरगणती आठवली की अजूनही मला एकटीलाच हसू फुटतं, काय सांगू!

माझे बाबा, परसराम गुरुजी, आमच्या गावची शिरगणती करणार होते. त्यांचा चष्मा फुटलेला, म्हणून बारीक अक्षरातली सरकारी पुस्तिका मीच वाचून दाखवायची. कायदा त्यांच्याआधी मलाच पाठ झाला. सांगणारा सांगेल तेच लिहायचं आणि लिहिलेलं कुणालाच सांगायचं नाही, बायकोलाही नाही. बाबा तर कायद्याला इतके भ्यायचे की सायकलवर कधी कुणाला डबलसीट घेतलं नाही.

आता माझं गुपित ऐका. दोन महिन्यांपूर्वी मी वरठीच्या सायकल दुकानवाल्या तेजरामशी भंडाऱ्याला रजिस्टर लग्न केलं होतं. नोटीस महिनाभर कचेरीच्या फळ्यावर लटकली, मेल्या एकानंही वाचली नाही! पण आईला जावई नोकरीवालाच हवा होता. तिच्यापुढे तोंड उघडायची माझी छाती नव्हती, आणि रविवारी दिघोरीचा एक कारकून मला बघायला येणार होता.

आई धुणं घेऊन तळ्यावर गेली तेव्हा बाबांनी आमच्या घराचे शिरगणतीचे कागद काढले.

"विमल, वय एकवीस. लगन नाही," बाबा स्वतःच लिहायला लागले.

"थांबा. झालं हाय."

"काय बोलून राहिली?"

"सांगन तेच लिवा लागते, बाबा."

"नवरा कोन?"

"बाईवर नवऱ्याचं नाव सांगाची सक्ती नाही. कलम आठ. आन् आईले सांगसान तर गुन्हा होते!"

बाबांचे कान लालबुंद झाले. पण लिहिलं बरं का, 'विवाहित'! मग रविवारपर्यंत त्यांना घास गिळेना. दिसेल त्या पोराकडे टक लावून बघायचे.

रविवारी पाहुण्यांनी पोहे खाल्ले आणि पोरगी पसंत म्हणाले. आई हरखली. तेवढ्यात बाबा उठले.

"हे लगन होत नाही."

"काहून?" आई ओरडली.

"सांगता येत नाही. कायदा हाय."

"डोस्कं फिरलं का तुमचं?"

बाबा घामाघूम झाले. मग एकाएकी त्यांचा चेहरा खुलला. "मी बांधलेला हाव. पोरगी थोडीच बांधलेली हाय? विमल, तू सांग!"

मेले! ज्या कायद्याआड लपले तोच बाबांनी बाजूला केला. सगळे माझ्याकडे बघत होते. आता नवऱ्याचं नाव काय असंच घ्यायचं? डोळे मिटले आणि म्हणून टाकलं,

"वरठीच्या टेशनावर गाडी करते घाई,
तेजरामरावांचं नाव घेतो, रागावू नको आई!"

पाहुण्यांतल्या एका बाईनं सवयीनं टाळ्या वाजवल्या. मग तिला कळलं. पाहुणे गेले.

आई मटकन खाली बसली. "लगन केलं, आन् मले एका शब्दानं नाही सांगितलं, पोरी?" ती रडली, मीही रडले. खरंच चुकलं होतं माझं. शेवटी तिनं पदरानं डोळे पुसले आणि बाबांवर खेकसली, "पाहता काय? आना त्याले. एवढे पोहे कोन खाईन?"

तासाभरानं बाबा सायकलवर परत आले. मागे कॅरिअरवर तेजराम बसला होता, डबलसीट.