पॉलिश केलेला कोळसा

“माझ्या डालड्याच्या डब्याची वाट लावलीत ना?” काळाठिक्कर डबा घासता घासता मालन पुटपुटली.

मित्रांनो, तो डबा म्हणजे माझं बाळंतघर. मी एक जुना कोळसा आहे. त्याआधी विक्रोळीच्या एका कारखान्यात मशिनं भरायच्या खोक्याची फळी होतो. खोकं फुटलं, मी भंगारात गेलो. मला उचललं तिथल्याच सुतारानं, मालनच्या नवऱ्यानं, गुणाजीनं. कारखान्यानं त्यालाही नुकतंच घरी बसवलं होतं. ऐंशी-पंच्याऐंशीचा तो काळ. करवत खुंटीला टांगून गुणाजी दिवसदिवस भिंतीकडे बघत बसायचा.

एकदा लेक अनुपमा म्हणाली, “बाबा, शनिवारी कॉलेजात प्रदर्शन आहे. मला कोळशात वीज साठवून दाखवायचीय. कोळसा करून द्याल?”

गुणाजी ताडकन उठला. त्यानं माझे दोन तुकडे केले, डब्यात कोंडले, झाकणाला बारीक भोक ठेवलं आणि लोहाराच्या भट्टीत लालबुंद होईस्तोवर तापवलं. हवा नव्हती, म्हणून राख झालो नाही. अंगभर बारीक बारीक छिद्रं मात्र पडली. वीज साठायची ती तिथंच.

पण सुताराचा हात तो! काम उघडं सोडवेना. त्यानं काचकागदानं घासून आम्हाला लाखेचं पॉलिश मारलं, तेही तीनदा.

“झकास! देव्हाऱ्यात ठेव यार,” शेजारचा अंबादास म्हणाला. मीही फुशारलो.

शुक्रवारी अनुपमानं आम्हाला मिठाच्या पाण्यात बुडवून सेल जोडला. सेल काढल्यावर मीटरचा काटा वर टिकायला हवा होता. तो पडला. पुन्हा जोडला, पुन्हा पडला.

तिनं माझ्या गुळगुळीत अंगावरून बोट फिरवलं, बापाकडे पाहिलं. “मीठ कमी पडलं असेल,” म्हणाली.

“सेल जुना असेल,” अंबादास म्हणाला.

“माझाच कोळसा कच्चा,” गुणाजी हत्यारं आवरत म्हणाला. “हातात काही राहिलं नाही माझ्या.”

मित्रांनो, कुणाला जपाल तर त्याचा श्वास तेवढा मोकळा ठेवा. मला हे सांगायला तोंड नव्हतं.

मालननं डबा खाली ठेवला.

“अहो, गेल्या उन्हाळ्यात माठाला ऑइलपेंट दिलात. तेव्हापासून त्यात पाणी गार होत नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्ही मायलेकी कोमट पाणी पितोय, गप्प बसून. याचंही तेच झालंय. हात चांगले आहेत तुमचे. तेवढं पॉलिश काढा.”