सायलीचा सिनेमा

अजिंठ्याजवळच्या वाडीत सिनेमावाले आले तेव्हा सायली नववीत होती. दिग्दर्शिकाबाईंनी शाळेतल्या साऱ्या पोरींतून तिलाच निवडलं. भर मांडवात स्वतःचं लग्न मोडणारी पोर तिनं अशी काही रंगवली, की शहरातल्या थेटरात लोक उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. सायलीला वाटलं, आता आपलं आपण ठरवायचं.

गावात मात्र निराळंच झालं. "सर्जेरावची पोरगी सिनेमात नाचली," एवढ्यावर आलेली स्थळं परत गेली. बापानं कॉलेजचं नाव काढू दिलं नाही. तिनं चोरून दिग्दर्शिकाबाईंना फोन लावला. "घाबरू नकोस, लढ," बाई म्हणाल्या, आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. मग बजाजनगर या कामगार वसाहतीतला, कंपनीत कायम असलेला सुदर्शन नवरा म्हणून मिळाला. सिनेमाचा विषय घरात कधीच निघायचा नाही, एवढीच त्याच्या घरच्यांची अट. खऱ्या मांडवात सायली मान खाली घालून उभी राहिली.

पुढं बऱ्याच वर्षांनी महिला दिनाला कॉलनीत पडदा लागला आणि नेमका तोच सिनेमा सुरू झाला. सायलीच्या एका बाजूला सासू लीलाबाई, दुसऱ्या बाजूला लेक प्रेरणा.

"अगं बाई, ही तर तूच दिसती!" मागून शेजारची रूपाली ओरडली.

लीलाबाईंनी पडद्यावरची नजर न काढता सुनेचं मनगट घट्ट धरलं.

"नाय ओ," सायली म्हणाली. "माझं कुठलं आलंय एवढं नशीब."

घरी जेवताना प्रेरणा गप्प बसेना. "पप्पा, सिनेमातली दीदी सेम मम्मीसारखी बोलत होती! मी बी तसंच करणार. लग्नाला नायच म्हणणार."

सुदर्शनचा घास हातातच राहिला. तो काही बोलायच्या आत सायलीनं लेकीच्या थोबाडीत मारली.

"पुन्हा असलं बोललीस तर जीभ हासडीन."

"बरं केलंस," लीलाबाई म्हणाल्या. "पोरीच्या जातीला आत्तापासूनच धाक पाह्यजे." लग्न झाल्यापासून सासूनं तिला चांगलं म्हटलं ते पहिल्यांदाच.

प्रेरणा रडली नाही. गालावर हात ठेवून आईकडं बघत राहिली. सायलीनं तिच्याकडं पाहिलं नाही. तिनं सुदर्शनला भाकरी वाढली, मग लीलाबाईंना, आणि तवा पुन्हा गॅसवर ठेवला.