जनकाबाईचं बुजगावणं आणि झुंबरवकील

"सिरीयल पाहून वकील बदलनारा मानूस सुलतानपुरात अजून जन्माले यायचा हाय," असं अॅडव्होकेट प्रेमानंद अंभोरे यांनी चहाच्या टपरीवर, चारचौघांत, छाती काढून जाहीर केलं. त्यांचा चहा बशीत निवत होता. तो पिऊन व्हायच्या आत तो माणूस आला. म्हणजे आली. जनकाबाई होती.

"वकीलसाहेब," ती उभ्या उभ्याच म्हणाली, "माही फाईल वापस द्या."

चहा वकिलांच्या नाकात गेला.

"काऊन काकू? काय झालं?"

"काय झालं म्हन्ता? काल झुंबरवकिलाले पाह्यलं का नाई? साक्षीदार खोटं बोलून राह्यला तर त्यानं फटकन छत्री उघडली. साक्षीदार रडलाच माय! अन् तुमी इतक्या तारखा झाल्या, कोर्टात काय उघडून राह्यले? टिफिन!"

टपरी हसली. टपरीवाला तर गाळणी हातात धरून हसला आणि चहा चुलीवर उतू गेला.

'झुंबरवकील' ही सिरीयल रोज संध्याकाळी आठ वाजता लागायची. त्या वेळी सुलतानपुरात म्हशीसुद्धा रेकायच्या नाहीत, कारण रेकली तर मालकीण काठी घेऊन यायची. या सिरीयलीतला झुंबरवकील कोर्टात घोड्यावर बसून यायचा. एकदा त्यानं पोपटाची उलटतपासणी घेतली होती. न्यायाधीश खुर्चीवर नाही, झोपाळ्यावर बसायचे, आणि युक्तिवाद पटला की पायानं झोका घ्यायचे. आरोपी कितीही बेरकी असो, झुंबरवकिलानं काळी छत्री उघडली की तो गुन्हा कबूल करून मोकळा व्हायचा.

गावाला यात गंमत वाटत नव्हती. गावाला वाटायचं, पुण्या-मुंबईकडं कोर्ट असंच चालत असेल. आपल्याकडं सोयी नाहीत, दुसरं काय.

आता जनकाबाईची केस. तिनं शेजारच्या शेषरावला पिठाच्या गिरणीत सगळ्यांदेखत "आळशाचा बाप" म्हटलं होतं. पुढच्या आठवड्यात शेषरावच्या ज्वारीत एक बुजगावणं उभं राहिलं. डोक्याला मडकं, मडक्यावर चुन्यानं काढलेला चष्मा, अंगावर हिरवं लुगडं, एक हात कमरेवर, आणि तोंड पाखरांकडं नाही तर थेट जनकाबाईच्या घराकडं. जाणारा-येणारा बांधावर थांबायचा आणि म्हणायचा, "रामराम काकू." जनकाबाई ते घरातून ऐकायची. ती सरळ तालुक्याला गेली आणि तिनं दावा लावला: हे बुजगावणं माझ्यासारखं दिसतं, माझी बदनामी होते, कोर्टानं ते काढायला लावावं.

वकिलांना ही केस सोडवत नव्हती, कारण अर्धं गाव जनकाबाईच्या भावकीचं आणि उरलेलं तिच्या धाकातलं. जनकाबाई गेली म्हणजे सुलतानपूर गेलं. मग काळा कोट घालून चहाच पीत बसायचं.

"पुढल्या तारखेले पाहा काकू," वकील नाक पुसत म्हणाले. "झुंबरवकील माह्यापुढं पानी भरीन."

"पाहू," जनकाबाई म्हणाली. "नाई भरलं तर मी दुसऱ्याकडं गेली."

हे बोलणं त्यांच्या आधी गावभर पोचलं. 'झुंबर फॅन सुलतानपूर' नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या संध्याकाळी सिरीयलीपेक्षा अंभोरे वकिलांचीच चर्चा जास्त झाली. "आपल्या वकिलाले कोनी छत्री घेऊन द्या रे." "घोडं माह्याकडं हाय, पन ते लग्नातलं हाय, बँड वाजला की नाचते." "वकीलसाहेब कोर्टात आवाज काढत नाईत, जज मॅडमले वाटते स्टूल हाय."

ग्रुपवर वकिलांची बायको मंजुश्री पण होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिनं त्या स्टुलाच्या मेसेजला हसणारं तोंड टाकलेलं वकिलांनी पाहिलं.

"तू पन?"

"अहो, पन खरंच हाय ना ते. तुम्ही कोर्टात हात काऊन नाही उचलत?"

"हात उचलून कायदा बदलत नसते, मंजू. हे सगळं खोटं असते. पोपटाची साक्ष कायद्यात बसतच नाही."

"नसन बसत. पन पोपट येतो तवा अशील जागं तर राह्यते."

वकिलांनी माळ्यावरून छत्री काढली आणि आरशापुढं सराव सुरू केला. पहिल्यांदा ती उघडलीच नाही. दुसऱ्यांदा उलटी उघडली. तिसऱ्यांदा उघडली आणि मंजुश्रीचं वरणाचं पातेलं ओट्यावरून खाली गेलं. पण जेवणाऐवजी वकिलांना एक कल्पना सुचली, आणि ते लादीवरच्या वरणात उभे राहूनच ओरडले, "मी बुजगावन्यालेच कोर्टात हजर करतो!"

यासाठी शेषरावची संमती पाहिजे होती. ती घ्यायला वकील घाबरत गेले. शेषराव सिरीयल पाहत होता.

"न्या ना साहेब," तो टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाला. "मले काय? पन माही उलटतपासनी चांगली घ्याजा. मी बी रडून पाहीन."

तारखेच्या दिवशी गोपालचा टेम्पो निघाला. गावात टेम्पो एकच, म्हणून वादी आणि प्रतिवादी दोघं त्याच टेम्पोत. शेषरावनं येताना भाजलेल्या शेंगा आणल्या होत्या, जनकाबाईनं ठेचा. कोर्टात एकमेकांचं तोंड पाहायचं नाही हे ठरलेलं होतं, पण टेम्पोत पाहायला हरकत नव्हती. मागं तीसेक माणसं उभी होती. कोर्ट बघायला एवढी माणसं गावातून कधी गेली नव्हती; यात्रेला जातात तशी निघाली होती.

वकील आपल्या मोटरसायकलवर पुढं गेले होते. कोर्टाच्या आवारात टेम्पो थांबला आणि त्यांनी बुजगावणं पाहिलं. ते धावतच टेम्पोपाशी गेले.

ही करणी गीताबाईची होती. गीताबाई म्हणजे जनकाबाईची जाऊ. कोर्टात जायचं म्हणजे बाईमाणसानं नीट नेसून जावं, असं तिच्या घरात शिकवलेलं. शेतातून बुजगावणं आणलं तेव्हा त्याच्या लुगड्यावर कावळ्यांनी घाण केलेली. असं कसं न्यावं चारचौघांत? म्हणून तिनं त्याला धुवून पुसून जनकाबाईचं ठेवणीतलं लुगडं नेसवलं, पदर डोक्यावरून घेतला, पिन लावली, चुन्याचा चष्मा पुसून गेला म्हणून जनकाबाईचा जुना खरा चष्मा दोरीनं बांधला. आणि म्हातारं माणूस मागं उभं राहून कसं येईल, म्हणून त्याला पुढं ड्रायव्हरशेजारी बसवून आणलं. जनकाबाई मागं दांड्याला लटकून आली.

"गीताकाकू, हा पुरावा होता!" वकील दबक्या आवाजात ओरडले. "पुराव्याले हात लावत नसतात!"

"मंग काय बिनापदराची आनू मॅडमपुढं?" गीताबाई म्हणाली. "गावाची काही इज्जत हाय का नाई?"

तेवढ्यात कोर्टाची वेळ झाली. सगळे आत घुसले. बुजगावण्याला दोघांनी काखेत धरून नेलं आणि पहिल्या बाकावर बसवलं. त्याच्या शेजारी जनकाबाई बसली. तिच्या शेजारी शेषराव, रडायचा रुमाल हातात घेऊन. शेषरावचे वकील वैजनाथ पाठक आपल्या जागेवर डोळे मिटून बसले होते. ते जुने वकील. त्यांचं सगळं काम "पुढची तारीख द्यावी" आणि "हरकत नाही" या दोन वाक्यांवर चालायचं, आणि चांगलं चालायचं.

न्यायाधीश मॅडम आल्या. सगळं कोर्ट उभं राहिलं. एक जण उभं राहिलं नाही.

"ओ मावशी," शिपाई कुजबुजला. "उठा. मॅडम आल्या."

मावशी उठली नाही.

"उठा म्हन्तो ना! काय समजते काय स्वतःले?"

"राहू द्या," न्यायाधीश मॅडम फाईलमधून नजर न काढता म्हणाल्या. "वय झालंय त्यांचं. आजी, तुम्ही बसूनच राहा."

मागं तीस माणसांनी एकदम श्वास आत घेतला. गोपालनं तोंडात शेंगदाणे असतानाच घेतला आणि त्याला ठसका लागला.

शिपायानं पुकारलं, "वादी, जनकाबाई हाजिर?"

न्यायाधीश मॅडमनी बाकाकडं पाहिलं आणि बुजगावण्याकडं बघून समजुतीनं म्हणाल्या, "आजी, घाबरू नका. तुम्हाला जे सांगायचंय ते तिथूनच सांगा."

आजी शांत होती.

"ऐकू येत नाही का यांना?"

मग जनकाबाई उठली. "मॅडम, ते बुजगावनं हाय. मी जनकाबाई हावो!"

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एकदा हिच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं.

अॅडव्होकेट अंभोरेंनी रात्रभर... नाही, दोन रात्री भाषण पाठ केलं होतं. त्यात एक शेर होता, एक आरोळी होती, आणि शेवटी छत्री होती. पण मांजर अंगणात उंदीर टाकून जातं तशी ही केस त्यांच्या पायापाशी येऊन पडली होती. ते ताडकन उभे राहिले.

"मॅडम, मला एकही प्रश्न विचारायचा नाही," ते जन्मात पहिल्यांदा मोठ्या आवाजात म्हणाले. "आमचं म्हणणं होतं की हे बुजगावणं वादीसारखं दिसतं. ते आत्ता प्रत्यक्ष कोर्टानं अनुभवलं आहे!"

मागून शिट्टी आली. शिपायानं डोळे वटारले. शेषराव खाली बसल्या बसल्या म्हणाला, "अन् माही उलटतपासनी?"

"मिस्टर पाठक," मॅडम म्हणाल्या, "हे बुजगावणं वादीसारखं दिसतं, हे प्रतिवादीला मान्य आहे का?"

पाठक वकील झोपेत होते. अंभोरे वकील त्याच क्षणी मॅडमना वाकून नमस्कार करायला गेले, आणि काखेतली छत्री आपोआप उघडली. फटकन! अगदी टीव्हीत उघडते तशी. तिचं टोक पाठकांच्या बरगडीत बसलं. पाठक दचकून उठले आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं म्हणाले, "हरकत नाही, मॅडम."

छत्री उघडली आणि समोरचा कबूल झाला. मागच्या तीस माणसांनी हे डोळ्यांनी पाहिलं. आता त्यांना कोणी सांगितलं असतं की सिरीयल खोटी आहे, तर त्यांनी त्याला टेम्पोत घेतलं नसतं.

मॅडमनी हुकूम सांगितला. बुजगावण्याचं वादीशी असलेलं साम्य प्रतिवादीला मान्य असून कोर्टालाही दिसून आलं आहे, सबब ते शेतात परत उभं करू नये, आणि दाव्याचा शेवटचा निकाल लागेपर्यंत ते वादीच्या वकिलांनी जपून ठेवावं.

बाहेर लिंबाखाली वकिलांना लोकांनी खांद्यावर घेतलं. "अंभोरेसाहेब झिंदाबाद!" "झुंबर काय, झुंबरचा बाप!" शेषरावनंही हात मिळवला. "मस्त झालं साहेब," तो म्हणाला. "हरलो, पन मजा आली." वकिलांनी खांद्यावरूनच ठरवलं की मोटरसायकल विकून आता चारचाकी घ्यायची.

गीताबाई तेवढी हुकुमाची वाक्यं मनात घोळवत होती. मग तिनं ती जोरात सांगितली.

"जनका, आता तं कोर्टानंच लिहून देल्लं व माय. तू बुजगावन्यासारखी दिसतं."

खांदे थांबले. वकील वरच राहिले.

जनकाबाईनं हळूच पदर सारखा केला. एक हात कमरेवर ठेवला. सगळ्यांना ती पोझ ओळखीची वाटली, पण कोणी हसायची हिंमत केली नाही.

"खाली या," ती वकिलांना म्हणाली.

ते खाली आले.

"आजपावतर हे शेषराव एकटा म्हने. त्याले कोन इचारते? आता सरकारी शिक्क्यानं झालं. मी मेली तरी ते कागदावर राहीन."

"पन काकू, तुमचाच दावा होता ना तो! तुमीच म्हटलं होतं!"

"म्हटलं मी. पन सिद्ध कोनं केलं?"

वकील कोट झटकू लागले.

"झुंबरवकील असता," जनकाबाई म्हणाली, "तर त्यानं मले पाहून सांगतलं असतं, मॅडम, या बाईसारखं दिसनारं बुजगावनं बनूच शकत नाई. अन् तुमी? फाईल द्या."

तिनं फाईल घेतली, तशीच चालत पाठक वकिलांकडं गेली आणि त्यांच्या हातात ठेवली. "तुमीच बरे, बावा," ती म्हणाली. "तुमी काही सिद्धच करत नाई."

पाठक म्हणाले, "हरकत नाही."

मग भावकीतल्या एकेकानं आपापल्या फाईलीची चौकशी केली. वकील "उद्या या, ऑफिसात या" म्हणत राहिले. पण आठच्या आत घरी पोचायचं होतं, म्हणून गोपालनं हॉर्न दिला आणि सगळे टेम्पोत चढले. शेषरावनं जनकाबाईला हात देऊन वर घेतलं. या वेळी ती पुढं बसली.

लिंबाखाली अंभोरे वकील आणि बुजगावणं राहिले. कोर्टाचा हुकूम होता, टाकून जाता येत नव्हतं. वकिलांनी त्याला मोटरसायकलवर मागं बसवलं, पदर चाकात जाऊ नये म्हणून खोचला, त्याचे हात आपल्या कमरेभोवती बांधले आणि निघाले.

गावाच्या अलीकडं पोलिसानं गाडी थांबवली आणि मागं बसलेल्या बाईनं हेल्मेट घातलं नाही म्हणून चालान फाडलं.